नदीकाठचं दमट घर आणि न संपणारी कीड: पंप उचलण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर नदीपासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्याचं, जुनं. वर्षातून तीनदा पेस्ट कंट्रोल होतं. फवारणी झाली की पंधरा दिवस झुरळं दिसत नाहीत, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. स्वयंपाकघराच्या चौकटीवर वाळवीची माती चढली आहे. भिंतीला लागून असलेल्या कपाटातल्या पुस्तकांवर पांढरट, बारीक किडे फिरतात. संध्याकाळी डास, रात्री छतावर उंदरांची पळापळ. आणि शेवटी नेहमीचा सवाल: याहून जालीम औषध कोणतं?

बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि या सवालाला माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. तुमच्याकडे औषध कमी पडत नाहीये, जास्तच होतंय. अशा घरात गेलो की माझ्या पिशवीतून आधी बॅटरी निघते. मग दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा, एक स्क्रूड्रायव्हर आणि हवेतला ओलावा दाखवणारं घड्याळाएवढं यंत्र. पंप गाडीतच राहतो. तुम्ही पाच किडी मोजल्यात, पण त्यातल्या तीन-चार एकाच पाणवठ्यावर येत असणार. तो पाणवठा सापडला की अर्धं काम झालं.

झुरळांपासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच जास्त आहे. घरात दिसणारी झुरळं मुख्यतः दोन जातींची असतात आणि त्यांचे इलाज एकमेकांशी जुळत नाहीत. तांबूस तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटरचं मोठं झुरळ हे गटारातलं. त्याचं घर बाहेर, तुमच्याकडे ते येऊन-जाऊन असतं. दुसरं फिकट तपकिरी, जेमतेम दीड सेंटिमीटरचं, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा असलेलं. याला जर्मन झुरळ म्हणतात आणि हे बाहेरून येत नाही. ते तुमच्याच फ्रिजच्या मोटारीजवळ, मिक्सरच्या बुडाखाली, कपाटाच्या बिजागरीत राहतं. नाण्याच्या जाडीची फट त्याला पुरते.

मोठ्या झुरळासाठी औषध शोधणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. त्याची वाट बंद करायची. मोरीच्या जाळीखाली पाण्याचा अडसर असतो ना, तो तपासा. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरातला अडसर सुकून जातो आणि गटार थेट घरात उघडतं. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओतलं तरी रस्ता बंद होतो. सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथे बहुतेक घरांत दोन बोटं जाईल एवढं भोक असतं आणि वर एक सैल प्लास्टिकची चकती. ती चकती सरकवून आत बॅटरी मारा. भोक सिमेंटनं बुजवा.

लहान झुरळाची गोष्ट वेगळी. त्याची मादी अंड्यांची पेटी पोटाला चिकटवूनच फिरते. पेटीत तीस-चाळीस अंडी असतात आणि ती फुटायच्या बेताला आली की मगच ती खाली ठेवते. या काळात मादी फटीतून फारशी बाहेर पडत नाही. तुमच्या फवारणीत मरतात ती बाहेर हिंडणारी, आणि पेटीच्या आतल्या अंड्यांपर्यंत फवारा पोचतच नाही. पंधरा दिवस शांतता आणि मग पिल्लांची फौज, हे तुम्ही बघता आहात त्याचं कारण हेच. शिवाय फवारणीतली बरीचशी औषधं पायरेथ्रॉइड गटातली. त्यांचा वास झुरळाला झोंबतो. जी मरत नाहीत ती शेजारच्या खोलीत पांगतात. कालपर्यंत स्वयंपाकघरात असलेली झुरळं आज टीव्हीमागे दिसायला लागली, असं लोक सांगतात ते खोटं नसतं.

इथे उपयोगी पडतं ते जेल. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड किंवा इंडोक्साकार्ब यातलं काहीतरी अगदी थोड्या प्रमाणात आमिषात कालवलेलं असतं. झुरळ ते खातं, फटीत परततं आणि तिथे मरतं. मग बाकीची त्याची विष्ठा खातात, मेलेल्याला कुरतडतात. कधीच बाहेर न पडलेल्या पिल्लांपर्यंत विष असं आतल्या आत पोचतं. किळसवाणं आहे, पण कुठलाही पंप हे करू शकत नाही.

लावण्याची पद्धत मात्र बहुतेक जण चुकतात. ठिपका मसुराच्या दाण्याएवढा, आणि असे पुष्कळ. बोटभर लांब पट्टी एका जागी ओढून ठेवणारा माणूस दिसला तर समजा त्याला घरी जायची घाई आहे. जागा कोणत्या? बिजागरीच्या आत, सिंकच्या कडेखाली, ओट्याखालच्या कडप्प्याच्या सांध्यात, फ्रिजच्या मागे मोटारीच्या शेजारी. तेलकट चिकट भागावर नको आणि रोज फडकं फिरतं तिथे नको. दोन आठवड्यांनी बघा. ठिपके संपले असतील तर पुन्हा लावा, तसेच वाळले असतील तर जागा चुकली.

आणि जेल लावल्यावर तिथे स्प्रे मारायचा नाही. हे मी स्वतः नुकसान करून शिकलो. काम सुरू करून वर्षही झालं नव्हतं. एका घरात संध्याकाळभर बसून छान जेल लावलं आणि निघताना, गिऱ्हाइकाला समाधान वाटावं म्हणून, ओट्याखाली एक हात फवारणीही केली. पुढचे तीन महिने त्या बाईंचा दर पंधरवड्याला फोन. जेलला झुरळ शिवलंसुद्धा नव्हतं, फवाऱ्याच्या वासानं आमिषच वाया गेलं होतं. तुमच्याकडे वर्षात तीनदा फवारणी होते म्हणजे जेल लावण्याआधी ओट्याखालचा सगळा भाग साबणाच्या पाण्यानं पुसून काढावा लागेल. ते आधी करा.

जेलबद्दल एक गमतीची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्याही उपयोगाची आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये असं दिसून आलं की काही जर्मन झुरळं आमिषाला तोंडच लावत नाहीत. औषधाला ती सरावली होती असं नाही, ती आमिषातली ग्लुकोज टाळत होती. 1993 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 2013 मध्ये त्याचं कारण सापडलं: या झुरळांच्या चव घेणाऱ्या पेशींना ग्लुकोज कडू लागत होती. म्हणजे ज्यांना गोड आवडलं ती मेली, ज्यांना कडू लागलं त्यांचा वंश वाढला. म्हणून एकच जेल वर्षानुवर्षं वापरू नये. औषधाचं नाव बदललं तरी आमिष तेच असू शकतं, तेव्हा कंपनीही बदला.

आता पाण्याकडे. या लहान झुरळाला खायला काही नसलं तरी पाण्यावर ते महिनाभर तग धरतं. पाणी तोडलं तर खाणं समोर असूनही साधारण दोन आठवड्यांत संपतं. लोक मात्र रात्री डबे घट्ट लावतात आणि सिंकमध्ये पाण्यानं भरलेली भांडी ठेवून झोपतात. झोपण्याआधी सिंक कोरड्या फडक्यानं पुसा, ओलं फडकं पिळून बाहेर वाळत घाला, फ्रिजखालचा पाण्याचा ट्रे रिकामा करा. त्या ट्रेची आठवण कुणालाच नसते. मी तो बाहेर ओढतो तेव्हा निम्म्या घरांतली मंडळी विचारतात, हे काय आहे?

सिंकखाली गुडघे टेकून बसा आणि पाइपाच्या प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा. दहा मिनिटं नळ सोडा. कुठला टिश्यू ओला होतो ते बघा. डोळ्याला न दिसणारी गळती अशी कळते. चौकटीवर वाळवी आहे म्हणालात. ती चौकट आणि सिंक यांच्यामध्ये किती अंतर आहे? माझा अंदाज आहे, एका हाताहून जास्त नसणार.

वाळवीची माती दिसली की लोक ती खरवडून टाकतात, वर रॉकेल किंवा झुरळांचा स्प्रे मारतात आणि भिंत स्वच्छ झाली म्हणून खूश होतात. तसं करू नका. ती मातीची नळी हा तुमच्याकडचा एकमेव नकाशा आहे. घरात येणाऱ्या या जातीच्या वाळवीचं वारूळ जमिनीत असतं. कामकरी वाळवीची कातडी इतकी पातळ की उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून ती जमिनीपासून लाकडापर्यंत माती आणि लाळेचं झाकलेलं बोळकांडं बांधत येते. बॅटरी घ्या आणि त्या नळीचा मधला दोन बोटं भाग हळूच तोडा. आत पांढुरक्या, मऊ, तांदळाच्या कणीएवढ्या वाळव्या गडबडून पळताना दिसल्या तर ती चालू आहे. काहीच दिसलं नाही तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत बघा. तोडलेली जागा ओलसर, गडद मातीनं लिंपलेली असेल तर वाहतूक सुरू आहे.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चौकटीवर खालून वर टकटक करत या. भरीव लाकूड ठणकतं, पोखरलेलं बद्द वाजतं, रिकाम्या खोक्यासारखं. जिथे आवाज बदलतो तिथे खडूनं खूण करा. टोक किंचित दाबून बघा. बऱ्याचदा वरचा रंग तेवढाच शाबूत असतो आणि टोक पुठ्ठ्यात शिरावं तसं आत जातं.

इलाज चौकटीवर नाही, जमिनीत आहे. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेत साधारण फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून त्यातून औषध खालच्या मातीत सोडतात आणि भोकं बुजवतात. इथे औषधाची जात महत्त्वाची. पायरेथ्रॉइड गटातली औषधं वाळवीला दुरूनच कळतात, ती वळसा घालून औषध न पोचलेली फट शोधते. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड तिला कळत नाही. ती त्यातूनच जाते आणि वारुळात परतून इतरांच्या अंगाला लावते. काम करणाऱ्याला विचारा, वाळवीला कळणारं की न कळणारं, यांपैकी कोणतं घालणार? त्याला प्रश्नच कळला नाही तर दुसरा माणूस बघा.

नदीकाठी मात्र जमिनीत औषध सोडताना माझा हात जड होतो. घराला लागून विहीर किंवा बोअर असेल तर मी त्या बाजूला भोकं पाडत नाही. भूजल वर असतं, माती पाण्यानं भरलेली असते, आणि फिप्रोनिल काय किंवा इमिडाक्लोप्रिड काय, पाण्यातल्या जिवांना ती फार घातक. अशा जागी आमिषाच्या पेट्या बऱ्या. जमिनीत पुरलेल्या डबीत लाकडाच्या भुशासारखं खाद्य आणि त्यात वाळवीला कात टाकू न देणारं औषध. हेक्झाफ्लुम्युरॉनच्या अशा पेट्या अमेरिकेत 1995 मध्ये बाजारात आल्या. औषध चिमूटभर लागतं आणि वाळवीच ते घरोघर पोचवते. तोटा एकच, धीर लागतो. कित्येक महिने लागतात आणि मध्येच डबी उघडून हलवाहलव केली तर वाळवी तिथे यायची बंद होते.

पुराचं पाणी अंगणापर्यंत येत असेल तर आणखी एक गोष्ट. पाणी ओसरल्यावर जोत्याला लागून गाळाचा थर बसतो. औषध घातलेली माती त्याच्या खाली जाते आणि वर कोरी, ओली, सुपीक माती. वाळवीसाठी हा पूल झाला. भिंतीलगतचा गाळ मूळ पातळीपर्यंत उपसून काढणं हे पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यातलं काम आहे, आणि ते सगळ्यात शेवटी होतं. भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडं, पुठ्ठ्याची खोकी, जुन्या फळ्या यांचंही तेच.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे घिरट्या घालतात आणि सकाळी खिडकीत पंखांचा ढीग असतो. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ती वाळवी. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक. या किड्यांवर स्प्रे मारणं व्यर्थ, ते तसेही बहुतेक मरणारच. त्याऐवजी दिवा मालवा आणि ते कुठून निघतायत ते बघा. बाहेरून दिव्याकडे आले असतील तर काळजी नाही. घरातल्या एखाद्या भेगेतून निघत असतील तर त्या भेगेवर पेननं गोल करा. वर्षभरात एवढी नेमकी माहिती पुन्हा मिळणार नाही.

लाकडाखाली भुकटी पडते पण माती कुठेच नाही, असं असेल तर गोष्ट निराळी. टाल्कम पावडरसारखी मऊ भुकटी म्हणजे लाकूड पोखरणारे भुंगे. खसखशीसारखे सुटे दाणे असतील तर भिंग लावून बघा. सहा कडा दिसल्या तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. या दोघांचाही जमिनीशी संबंध नसतो. तरीही एका ठेकेदारानं असल्या भुकटीसाठी सबंध घराच्या फरशीला भोकं पाडलेली मी पाहिली आहेत. भोकं बुजवायलाही तो परत आला नव्हता.

पुस्तकांवरच्या पांढरट किड्यांचं ऐकून तुम्ही घाबरलात, ही वाळवीची पिल्लं तर नव्हेत म्हणून. नव्हेत. ते बुकलाइस, एक-दोन मिलिमीटरचे, मऊ अंगाचे, बहुधा बिनपंखांचे. कागद ते फारसा खात नाहीत, कागदावरची आणि भिंतीवरची बुरशी खातात. पाणी ते हवेतूनच शोषतात आणि त्यासाठी हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर लागते. त्याखाली दोन-तीन आठवडे राहिली की ते सुकून जातात. यांच्यासाठी औषध मी कधी वापरत नाही. ओलाव्याचं यंत्र कपाटात ठेवा, दार लावा, दुसऱ्या दिवशी आकडा बघा. खोलीत 65 आणि कपाटात 80 असं हमखास दिसतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि मागची फळी पुसून काढली तरी तो आकडा उतरतो. कसर, म्हणजे ती चंदेरी, सुळकन पळणारी, ती मात्र कागद, खळ आणि पुस्तकाची बांधणी खरोखर खाते. तीही ओलीचीच सोबतीण, इलाज तोच.

भिंतीतली ओल कुठून येते हे ओळखायची साधी युक्ती आहे. प्लास्टिकचा वीतभर चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय, म्हणजे गळती किंवा जमिनीतून वर चढणारी ओल. खोलीकडची बाजू ओली असेल तर दमट हवा गार भिंतीवर पाणी सोडतेय. पहिल्याला गवंडी आणि प्लंबर लागतो, दुसऱ्याला एक्झॉस्ट पंखा. ही तपासणी न करता ओलीवर रंग मारणाऱ्यांचे पोपडे वर्षभरात पुन्हा सुटतात.

डासांचा दोष सगळे नदीला देतात. वाहत्या पाण्यात डास फारसे होत नाहीत. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस तर तुमच्याच घरात जन्मतो: कुंडीखालची बशी, कूलर, गच्चीवरचा टायर, टाकीचं उघडं झाकण. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, आतली कड घासावी लागते. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा घासलं की पिढी मोडते. रात्रीचा, कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स घाण पाण्यातला. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा आणि झाकणाच्या फटी बुजवा. या एका जाळीनं जो फरक पडतो तो महिनाभर धूर करून पडत नाही. धुराच्या फवारणीत त्या घटकेला उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना तिचं काही नसतं.

जे पाणी उपसता येत नाही त्यात बीटीआय नावाच्या जिवाणूची पावडर किंवा गोळी टाका. हा जिवाणू 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. डासांच्या अळ्या मरतात, माशांना आणि माणसांना त्रास नाही. गप्पी मासे टाक्यात ठेवायला हरकत नाही, पण उरलेले नदीत सोडू नका. डास खाणारा म्हणून जगभर सोडलेला गॅम्बुसिया आता स्थानिक माशांचा काळ ठरलेला आहे.

उंदरांच्या बाबतीत आधी ओळख पटवा. छतावर पळतो तो काळा उंदीर, चढण्यात पटाईत. गटारात आणि काठाच्या बिळांत राहतो तो दांडगा, आखूड शेपटीचा. नदी चढली की त्याची बिळं बुडतात आणि तो वर तुमच्याकडे येतो. फरशी उकरून मातीचे ढीग टाकते ती घूस. आणि भिंतीच्या कडेनं चिक्-चिक् करत जाते, जिचा उग्र वास मागे राहतो, ती चिचुंद्री. ती उंदीर नाहीच, ती झुरळं आणि किडे खाते. तिला मारायची माझी तरी इच्छा होत नाही.

घरातली चिमुकली उंदरं पेन्सिलीएवढ्या भोकातून येतात, मोठ्या उंदराला अंगठ्याएवढं भोक पुरतं. भोकात स्टीलची जाळी किंवा भांडी घासायचा तारेचा काथ्या कोंबून वर सिमेंट भरा. नुसता फोम भरला तर तो कुरतडून बाहेर काढून ठेवतात, तुम्हाला दाखवायला ठेवल्यासारखा. सापळा लावाल तर मोठ्या उंदराचा स्वभाव लक्षात घ्या. नव्या वस्तूला तो कित्येक दिवस बिचकतो. म्हणून सापळा पहिले तीन-चार दिवस न ताणता, नुसतं आमिष लावून ठेवा. तो निर्धास्त खाऊ लागला की मग ताणा. चिमुकल्या उंदराचं उलटं, तो पहिल्याच रात्री हुंगायला येतो.

विषाच्या वड्यांचं म्हणाल तर ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन ते सात दिवसांनी मरतो, आणि कुठे मरायचं ते तोच ठरवतो. छतात मेला तर वास तुम्हाला. म्हणून घराच्या आत सापळा, विष फक्त बाहेर, कुलूपबंद डबीत. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र कुणी कितीही सांगितल्या तरी राहत्या घरात आणू नका. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्यावर उतारा नाही, आणि दमट घरात ओलावा शोधायला लागत नाही. बंद खोलीत झोपलेली माणसं यात दगावलेली आहेत.

पुरानंतर साफसफाई करताना गमबूट आणि हातमोजे घाला, अंगावरच्या जखमा झाका. उंदरांच्या लघवीतून पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते कातडीच्या चिरेतून शिरतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे सांगा. ते विचारतीलच असं नाही.

मुंग्यांबद्दल एवढंच, की बारीक पिवळ्या मुंग्यांवर स्प्रे मारला तर वारूळ फुटून एकाची चार होतात. त्यांना आमिष द्या आणि रांग चालू द्या. ढेकणांचा ओलीशी संबंध नाही, तो प्रवासातल्या बॅगांचा विषय आहे.

विजेवर चालणारी, आवाजानं कीड पळवणारी यंत्रं घेऊ नका. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण खात्यानं, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशननं, 2001 मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना दाव्यांचे पुरावे आहेत का म्हणून तंबी दिली होती. फ्रिजमागे लावलेल्या अशा एका यंत्राच्या आतच मला जर्मन झुरळांचं बिऱ्हाड सापडलं होतं. उबदार होतं ना.

उरलेलं औषध आणि पंप धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका. नदीकाठच्या गावात मोरी कुठे जाते हे सांगायला नको. पायरेथ्रॉइड माशांना अतिशय कमी प्रमाणातही मारतं. मी पंप धुतलेलं पाणी पुढच्या मिश्रणात वापरतो. घरात माशांची काचपेटी असेल तर ती झाका आणि तिचा हवेचा पंप बंद ठेवा. मांजर असेल तर परमेथ्रिनचं (तेही पायरेथ्रॉइडच) नावही नको, त्याचं यकृत ते पचवू शकत नाही.

तुमच्या घरात मी असतो तर या आठवड्यात पुढची फवारणी रद्द केली असती. सिंकच्या सांध्यांना टिश्यू गुंडाळला असता, गळती बंद केली असती, ओट्याखाली, फ्रिजमागे, कपाटात मिळून सहा चिकट सापळे तीन रात्री ठेवले असते आणि सापडलेली झुरळं मोजून कागदावर लिहिली असती. पिल्लं जास्त सापडली त्या सापळ्याच्या हातभर परिघात वस्ती असते, जेल तिथे. मग महिन्यानं पुन्हा तेच सापळे, त्याच जागी, तीन रात्री.

आणि चौकट. सुतार आधीच येऊन गेलाय आणि बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. थांबा. जमिनीतली वाळवी तशीच असताना नवं लाकूड बसवणं म्हणजे तिला ताजं पान वाढणं. आधी गळती, मग जमिनीतला इलाज, मग दोन-तीन महिने तोडलेल्या नळीवर नजर. ती पुन्हा लिंपली गेली नाही तर चौकट काढा, आणि नवी बसवताना तिचे पाय फरशीखाली मातीत जाऊ देऊ नका. सुतार म्हणेल, त्यानं मजबुती येते. त्याला म्हणावं, पायाखाली दगडाचा तुकडा ठेव आणि बाजूनं लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला धर.